भावी इंटरनेटची रचना : ‘कोरी पाटी’ या कल्पनेचा इतिहास

१. विषयप्रवेश

इसवी सन २००५ ते २०१० या पाच-सहा वर्षांच्या काळात अमेरिका, जपान व युरोप येथील संगणकशास्त्रज्ञांच्या वर्तुळांत एक प्रश्न मोठ्या आग्रहाने मांडला गेला. इंटरनेट अस्तित्वातच नाही असे घटकाभर समजून ते आज नव्याने उभारावयाचे ठरविले, तर त्याची रचना आपण कशी करू ? या भूमिकेस ‘कोऱ्या पाटी’ची भूमिका असे नाव पडले. तिच्या आधारे संशोधनाच्या मोठमोठ्या योजना आखल्या गेल्या, सरकारी निधी उपलब्ध झाला आणि अनेक बुद्धिमान माणसांची उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडली. आज मागे वळून पाहता असे दिसते, की या योजनांतून निघालेल्या एकाही रचनेने जुन्या इंटरनेटची जागा घेतली नाही.

या घटनेची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. एक असे, की प्रस्थापित कंपन्यांचे हितसंबंध आड आले. दुसरे असे, की मूळ रचनाकार इतके दूरदर्शी होते की नव्या रचनेची गरजच उरली नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मूळ इंटरनेटच मुळी कोऱ्या पाटीवर लिहिले गेले नव्हते. जे काही आधीपासून चालू होते ते आहे तसे स्वीकारून त्यावर एक पातळ थर घालणे, हेच त्या रचनेचे मर्म होते. हे मर्म नीट ध्यानात घेतले म्हणजे नंतरच्या प्रयत्नांचे यशापयशही समजू लागते. तसेच ‘भावी जाळ्याची रचना’ हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नसून अधिकार व जबाबदारी कोणाच्या हाती असावी याविषयीचा आहे, हेही स्पष्ट होते.

या इतिहासाच्या साधनांविषयी एक गोष्ट प्रारंभीच नमूद करणे योग्य होईल. एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्याने आरंभिलेली ‘आर.एफ.सी.’ नावाची टिपणमाला आजतागायत चालू आहे. तिच्यातील प्रत्येक टिपणास क्रमांक व तारीख असते, आणि एकदा प्रसिद्ध झालेले टिपण बदलले जात नाही. दुरुस्ती करावयाची तर नवे टिपण काढावे लागते. त्यामुळे मागे पडलेले विचारही आपल्या जागी शाबूत राहतात. दप्तरखान्यांत काम केलेल्या अभ्यासकास या शिस्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

२. मूळ पाटी कोरी होती काय ?

अणुयुद्धातही टिकाव धरील असे जाळे हवे म्हणून इंटरनेट निर्माण झाले, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे. परंतु दोन भिन्न गोष्टींची तिने सरमिसळ केली आहे. रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन याने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत शत्रूच्या हल्ल्यानंतरही चालू राहू शकेल अशा विकेंद्रित दळणवळणाचा विचार केला होता, हे खरे. त्याच सुमारास, परंतु स्वतंत्रपणे, इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस याने संदेशाचे लहान तुकडे करून ते पाठविण्याची कल्पना मांडली व त्या तुकड्यास ‘पॅकेट’ हे नाव दिले. डेव्हिसच्या पुढे युद्धाचा प्रश्न नव्हता. महागड्या संगणकाचा उपयोग अनेकांना एकाच वेळी कसा करता येईल, हा होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने उभारलेल्या ‘आर्पानेट’चा हेतूही मुख्यतः दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक परस्परांस उपलब्ध करून देणे हाच होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यावरील पहिला संदेश लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला.

तथापि आर्पानेट म्हणजे इंटरनेट नव्हे. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी आर्पानेटच्या जोडीला बिनतारी पॅकेट-जाळे व उपग्रहावरील जाळे अशी निराळ्या स्वभावाची जाळी उभी राहू लागली होती. प्रत्येकाची गती निराळी, पॅकेटचा आकार निराळा, चुकांचे प्रमाण निराळे. यांना एकत्र कसे आणावे ? सर्व जाळी मोडून एकच आदर्श जाळे उभारावे, हा एक मार्ग होता. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो मार्ग नाकारला. प्रत्येक जाळ्याने आपल्या अंतर्गत व्यवस्थेत काहीही बदल करू नये. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक दुवा-यंत्र ठेवावे. आणि संदेश अखंड व क्रमाने पोहोचला की नाही हे पाहण्याची जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांवर टाकावी, असे त्यांचे सूत्र होते. १९७८ साली या एका संकेतप्रणालीचे दोन भाग करण्यात आले. पॅकेट केवळ पुढे सरकविणारा ‘आय.पी.’ हा एक, आणि टोकाला राहून विश्वसनीयता सांभाळणारा ‘टी.सी.पी.’ हा दुसरा. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी तीन भिन्न जाळ्यांतून एकच संदेश सुखरूप नेऊन दाखविण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता.

३. डेटाग्राम आणि आभासी मंडल

टोकांवर जबाबदारी टाकण्याची ही कल्पना सर्फ व कान यांना निखळ एकांतात सुचली नव्हती. फ्रान्समध्ये लुई पूझँ याने १९७२ च्या सुमारास ‘सिक्लाद’ नावाचे जाळे उभारावयास घेतले. त्यात जाळ्याने पॅकेट पोहोचविण्याचा केवळ यथाशक्ति प्रयत्न करावा, हमी देऊ नये, असा नियम होता. अशा सुट्या, स्वयंपूर्ण पॅकेटला ‘डेटाग्राम’ म्हणतात. १९७४ च्या निबंधात सर्फ व कान यांनी पूझँ व डेव्हिस या दोघांचेही ऋण मान्य केले आहे.

याच्या उलट मत टेलिफोन खात्यांचे होते. पॅकेट पाठविण्यापूर्वी जाळ्याने दोन टोकांमध्ये एक मार्ग मुक्रर करावा, क्रम व अचूकता यांची हमी स्वतः घ्यावी व त्याचा हिशेबही ठेवावा, असे ते म्हणत. या मार्गास ‘आभासी मंडल’ हे नाव होते, आणि १९७६ साली आंतरराष्ट्रीय तारटेलिफोन समितीने ‘एक्स-२५’ या नावाने त्यास मान्यता दिली. आपल्याकडील वाचकास हा भेद पोस्टकार्ड व ट्रंक कॉल यांच्या उदाहरणाने चटकन समजेल. पोस्टकार्डावर पत्ता असतो व प्रत्येक कार्ड आपापल्या वाटेने जाते. मधल्या टपालघराला पत्रव्यवहाराचा संदर्भ ठाऊक असण्याचे कारण नसते. ट्रंक कॉलमध्ये मात्र एक्स्चेंज शेवटपर्यंत मध्ये उभे असते व मिनिटे मोजत असते.

या वादाचे स्वरूप वरकरणी तांत्रिक असले तरी त्याच्या मुळाशी प्रश्न निराळाच होता. बुद्धी जाळ्याच्या मध्यभागी ठेवली तर जाळ्याचा मालक ती नियंत्रित करणार, कोणती सेवा द्यावयाची हे तो ठरविणार व तिचे मूल्यही तोच आकारणार. बुद्धी टोकांना ठेवली तर कोणाही विद्यार्थ्याला, मालकाची परवानगी न घेता, नवी सेवा सुरू करता येणार. टिम बर्नर्स-ली याने पुढे १९८९ पासून जिनिव्हाजवळील संशोधनकेंद्रात ‘वर्ल्ड वाइड वेब’ घडविले, तेव्हा त्याला जाळ्याच्या कोणत्याही चालकाकडे अर्ज करावा लागला नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सिक्लादला मात्र हे भाग्य लाभले नाही. फ्रेंच टपाल-तार खात्याने आभासी मंडलाचा पक्ष घेतला व १९७८ साली ‘ट्रान्सपॅक’ ही सेवा सुरू केली. सत्तरीच्या अखेरीस सिक्लादचे साहाय्य आटले. जो विचार जगभर विजयी झाला त्याचे पहिले घर अशा रीतीने ओस पडले. विचाराची योग्यता व त्याला लाभणारे आश्रयस्थान या दोन गोष्टी भिन्न आहेत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. एकच सार्वत्रिक बदल : १ जानेवारी १९८३

इंटरनेटच्या इतिहासात सर्वांनी एकाच दिवशी जुनी प्रणाली टाकून नवी स्वीकारावी असा प्रसंग एकदाच घडला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटवरील जुनी संकेतप्रणाली बंद करून टी.सी.पी. व आय.पी. यांचा अवलंब सक्तीचा करण्यात आला. जॉन पोस्टेल याने नोव्हेंबर १९८१ मध्येच या स्थित्यंतराची योजना टिपणमालेत प्रसिद्ध केली होती. तरीही टाळाटाळ होत राहिली, तेव्हा १९८२ मध्ये जुनी प्रणाली तात्पुरती बंद करून सर्वांना जाणीव देण्यात आली. इतके करूनही काही स्थळांना ठरलेल्या दिवसानंतर आणखी काही महिने लागले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. त्या वेळी संगणकांची संख्या केवळ काही शेकड्यांत होती, आणि त्या सर्वांवर एकाच खात्याचा अंमल होता. या दोन्ही परिस्थिती पुन्हा कधीही एकत्र आल्या नाहीत. पुढील काळातील अनेक योजनाकारांच्या मनात नकळत हा १९८३ चा आदर्श वावरत होता, असे वाटते. परंतु जो चमत्कार काही शेकडा यंत्रांच्या कुटुंबात शक्य झाला, तो कोट्यवधी यंत्रांच्या समाजात शक्य होईल अशी अपेक्षा करणे इतिहासदृष्ट्या निराधार होते.

नव्या प्रणालीचा विजय त्या दिवशीच निश्चित झाला असेही नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे सात थरांचे ‘ओ.एस.आय.’ हे प्रतिमान १९८४ साली अधिकृत झाले व भविष्य त्याचेच आहे असे अनेक सरकारे मानीत होती. १९९० साली खुद्द अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांसाठी त्याचा पुरस्कार केला. भारतातही या दोलायमान अवस्थेचे प्रतिबिंब पडले आहे. इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पाच आय.आय.टी. यांचा समावेश होता. या जाळ्याच्या कण्यावर प्रारंभी टी.सी.पी.-आय.पी. व ओ.एस.आय. या दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालविल्या जात. १९९५ पासून मात्र जवळजवळ सर्व वाहतूक पहिलीवरूनच होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. कोणती प्रणाली श्रेष्ठ, याचा निवाडा समितीच्या ठरावाने झाला नाही. तो उपयोगाने झाला.

५. रचनेत काय वगळले गेले ?

कोणत्याही रचनेचा इतिहास लिहिताना तिच्यात काय आहे याइतकेच तिच्यात काय नाही हेही पाहावे लागते. या बाबतीत डेव्हिड क्लार्क याचा १९८८ चा निबंध हे अमूल्य साधन होय. मूळ रचनेची उद्दिष्टे त्याने अग्रक्रमाने सांगितली आहेत. मुख्य उद्दिष्ट एकच : अस्तित्वात असलेली जाळी परस्परांशी जोडून त्यांचा परिणामकारक उपयोग करणे. त्यानंतर दुय्यम उद्दिष्टे सात. जाळ्याचा काही भाग निकामी झाला तरी संभाषण चालू राहावे, हे त्यांतील पहिले. कोणी किती साधने वापरली याचा हिशेब लागावा, हे अगदी शेवटचे. हा अनुक्रम लष्करी गरजांतून आला असून व्यापारी जाळ्यासाठी तो निराळा झाला असता, असे क्लार्क स्वतःच स्पष्ट करतो.

या यादीत सुरक्षितता हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून आढळत नाही, ही गोष्ट आजच्या वाचकाच्या नजरेत भरल्यावाचून राहणार नाही. पॅकेटवर लिहिलेला पाठविणाऱ्याचा पत्ता खरा आहे की खोटा, हे मूळ जाळे तपासत नाही. परस्परांस ओळखणाऱ्या संशोधकांच्या समुदायात हे वैगुण्य फारसे जाणवले नाही; जाळे अनोळखी माणसांचे झाले तेव्हा तेच वैगुण्य फसवणुकीचे व हल्ल्यांचे प्रवेशद्वार ठरले. मात्र हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. जाळ्याने जितकी हमी कमी द्यावी तितके त्यात सामील होणे सोपे, हा हिशेब त्यामागे होता. गुण व दोष येथे एकाच निर्णयाच्या पोटी जन्मले आहेत. १९८४ साली साल्ट्झर, रीड व क्लार्क यांनी विस्ताराने मांडलेले ‘टोक ते टोक’ हे तत्त्व या निर्णयाचेच तात्त्विक समर्थन होते.

६. पत्त्यांची टंचाई : पहिली कसोटी

१९७४ च्या निबंधात जाळ्याचा क्रमांक लिहिण्यासाठी ८ बिटे ठेवली होती. म्हणजे जगात जास्तीत जास्त २५६ जाळी असू शकतील, आणि तेवढी नजीकच्या भविष्याला पुरतील असा लेखकांचा अंदाज होता. सप्टेंबर १९८१ च्या प्रमाण टिपणात एकूण पत्ता ३२ बिटांचा झाला व पत्त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६ वर गेली. दहा वर्षांतच हाही साठा अपुरा पडणार हे दिसू लागले.

१९९२ च्या जूनमध्ये कोबे येथे इंटरनेटच्या रचनामंडळाने ओ.एस.आय. कुळातील एका प्रणालीच्या आधारे नवी पत्तापद्धती स्वीकारण्याची दिशा दाखविली. त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांत असंतोष उसळला. त्याच वर्षी जुलैत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे भरलेल्या सभेत हा प्रस्ताव मागे पडला व निर्णयाची सूत्रे वरच्या मंडळाकडून कार्यगटांकडे सरकली. पुढे अनेक पर्यायांची तुलना होऊन १९९५ च्या डिसेंबरात १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती, म्हणजे ‘आय.पी.व्ही.-६’, प्रसिद्ध झाली.

परंतु नवी आवृत्ती जुनीशी थेट बोलू शकत नव्हती, आणि तेथेच गाडे अडले. ज्याने प्रथम बदल करावा त्याला खर्च सोसावा लागे; लाभ मात्र इतरांनी बदल केल्यावरच मिळे. इकडे मे १९९४ मध्ये, काही काळापुरता तोडगा म्हणून, अनेक संगणकांना एकाच पत्त्याआड बसविण्याची युक्ती टिपणमालेत प्रसिद्ध झाली होती. एखाद्या चाळीतील सर्व बिऱ्हाडांची पत्रे मालकाच्या नावाने यावीत व त्याने ती आत वाटावीत, तसाच हा प्रकार. हा तात्पुरता तोडगाच कायमचा वहिवाटदार होऊन बसला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील जुन्या पत्त्यांचे शेवटचे गट वाटले गेले, तरीही जुनी आवृत्ती चालूच राहिली. भारतात नव्या आवृत्तीचा प्रसार जगातील अग्रणी देशांच्या तोडीने झाला. त्याचे मुख्य कारण सप्टेंबर २०१६ मध्ये व्यापारी सेवा सुरू करणाऱ्या जिओ या कंपनीने आपले नवे जाळे प्रारंभापासूनच या आवृत्तीवर उभारले, हे होय. ज्याच्याजवळ मोडावयास जुने घर नाही त्यालाच नवे घर स्वस्त पडते.

७. कोऱ्या पाटीच्या योजना

ही पार्श्वभूमी असताना कोऱ्या पाटीचा आग्रह धरणारे वेडे होते असे कोणी समजू नये. जाळ्याच्या मर्मस्थानी सुधारणा करणे अशक्यप्राय झाले आहे, हे निदान त्यांनी अचूक केले होते. २००२ साली क्लार्क व त्याच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला होता. इंटरनेट आता एकाच हेतूने बांधलेल्या समुदायाचे राहिले नाही. ग्राहक, व्यापारी, सरकारे व चालक यांचे हितसंबंध त्यात कायम झुंजत राहणार. तेव्हा रचनाकाराने एखाद्या पक्षाचा विजय रचनेतच कोरून ठेवू नये. झुंज रचना न मोडता खेळता येईल अशी मोकळी जागा ठेवावी.

२००६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने भावी इंटरनेटच्या रचनेसाठी संशोधनास साहाय्य दिले. जपानमध्ये त्याच वर्षी ‘अकारी’ हा प्रकल्प २०१५ पर्यंत नव्या पिढीचे जाळे उभे करण्याच्या हेतूने निघाला. स्टॅनफर्ड विद्यापीठानेही स्वतःची कोऱ्या पाटीची योजना जाहीर केली. २०१० साली अमेरिकी प्रतिष्ठानाने चार मोठे प्रकल्प निवडले, आणि प्रत्येकाने मूळ रचनेतील एकेक गृहीतक बदलून पाहिले. व्हॅन जेकबसन व लिशिया झांग यांच्या ‘एन.डी.एन.’ प्रकल्पाने यंत्राच्या पत्त्याऐवजी माहितीच्या नावाला महत्त्व दिले. वाचकाला ग्रंथ हवा असतो, तो कोणत्या कपाटात आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, हा त्यामागील विचार. ग्रंथावर कर्त्याची स्वाक्षरी असेल तर तो कोणाकडूनही घेतला तरी बिघडत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या ‘मोबिलिटी-फर्स्ट’ने फिरत्या यंत्रांना केंद्रस्थानी ठेवून नाव व पत्ता यांची फारकत केली. पेनसिल्व्हेनियाच्या ‘नेब्युला’ने मोठमोठ्या माहितीकेंद्रांचा विचार केला. कार्नेगी-मेलनच्या ‘एक्स.आय.ए.’ने तर पत्त्याचा अर्थच भविष्यात बदलता यावा अशी सोय सुचविली.

८. फलित

यांपैकी एकही रचना जगाचे जाळे झाली नाही. परंतु फलित शून्य आहे असे म्हणणेही अन्यायाचे होईल. स्टॅनफर्डच्या योजनेतून २००८ साली ‘ओपनफ्लो’ ही पद्धती पुढे आली. ती कोऱ्या पाटीचा हट्ट न धरता विद्यापीठांच्या चालू जाळ्यांत प्रयोगाला जागा मागत होती. पुढे गुगलने आपल्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या खासगी जाळ्यात तिचा उपयोग केल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. झुरिक येथे विकसित झालेली ‘सायन’ ही सुरक्षित मार्गांची रचना स्वित्झर्लंडच्या बँकांमधील जाळ्यात २०२१ पासून वापरात आली. पॅकेट कोणत्या देशांतून व कोणत्या चालकांमार्फत जावे हे पाठविणाऱ्याला निवडता यावे, हा तिचा विशेष.

सर्वांत बोलके उदाहरण ‘क्विक’ या नव्या वाहतूक-प्रणालीचे. मे २०२१ मध्ये ती प्रमाणित झाली. परंतु मधली यंत्रे अनोळखी प्रणालीचे पॅकेट अडवितात. म्हणून तिला १९८० सालच्या ‘यू.डी.पी.’ या साध्या प्रणालीच्या आवरणातून प्रवास करावा लागतो. त्याहीपेक्षा लक्षणीय असे, की मधल्या यंत्रांना पुन्हा हस्तक्षेप करता येऊ नये म्हणून तिचा बहुतेक मजकूर कूटबद्ध ठेवलेला आहे. बुद्धी मध्यभागी की टोकांना, हा पूझँच्या काळचा वाद येथे नव्या वेषात पुनश्च उभा राहिलेला दिसतो.

याच वादाची राजकीय बाजू २०१९ साली उघड झाली. ह्वावे या चिनी कंपनीच्या पुढाकाराने ‘न्यू आय.पी.’ नावाची मांडणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेपुढे ठेवण्यात आली. जुने जाळे भविष्यातील उपयोगांना अपुरे आहे, असे पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. टीकाकारांना त्यात जाळ्याच्या मध्यभागी नियंत्रण नेण्याचा व निर्णयाचे स्थान सरकारांच्या संघटनेकडे हलविण्याचा हेतू दिसला. मांडणीस मान्यता मिळाली नाही. तथापि तिने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली : भावी जाळे कसे असावे या प्रश्नापूर्वी, ते कोणी ठरवावे हा प्रश्न येतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की इंटरनेटची मूळ रचना यशस्वी झाली ती तिने जुने पुसले म्हणून नव्हे, तर तिने जुन्याकडून फार थोडी अपेक्षा केली म्हणून. टेलिफोनच्या तारा, बिनतारी लहरी, उपग्रह यांपैकी कोणालाही तिने बदलावयास सांगितले नाही. नंतरच्या योजनांपैकी ज्यांनी हीच नम्रता पाळली त्या टिकल्या; ज्यांनी साऱ्या जगाने एकदम उठून नव्या घरी जावे असे म्हटले, त्या प्रयोगशाळेत राहिल्या. हितसंबंधांचा अडथळा होताच, पण तो १९७६ सालीही होता. टेलिफोन खाती काही दुबळी नव्हती. म्हणून केवळ त्या कारणाने निकालाची उपपत्ती लागत नाही.

दुसरा निष्कर्ष असा, की मूळ रचनाकारांची दूरदृष्टी अमर्याद नव्हती. २५६ जाळ्यांचा अंदाज व सुरक्षिततेचे अनुल्लेखित स्थान ही त्याची साक्ष होत. त्यांचे श्रेय भविष्य ओळखण्यात नसून, भविष्य आपणांस ओळखता येणार नाही हे जाणून जागा मोकळी ठेवण्यात आहे. ती मोकळी जागा मधल्या यंत्रांनी, तात्पुरत्या तोडग्यांनी व मोठ्या कंपन्यांच्या खासगी जाळ्यांनी दिवसेंदिवस आकुंचित होत आहे, आणि आजच्या रचनाकारापुढील खरा प्रश्न हाच आहे.

आपल्या देशातील कोट्यवधी लोकांचा बाजार, शिक्षण व सरकारदरबार आता या जाळ्यावर चालतो; परंतु त्याच्या रचनेविषयीच्या चर्चेत आपला वाटा अद्याप त्या प्रमाणात नाही. टिपणमाला सर्वांस खुली आहे, कार्यगटांत सामील होण्यास कोणाची शिफारस लागत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यात लिहावे हे तर योग्यच. परंतु इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही ती वाचावी. सत्तेचे वाटप येथे सनदा व तहनामे यांत लिहिलेले नसून पॅकेटच्या शीर्षकातील बिटांत लिहिलेले आहे, आणि ते वाचता येणे हे यापुढे इतिहासाभ्यासकाच्या साक्षरतेचाच एक भाग मानावे लागेल.